काकूंची झोप

काकूंचा उजवा हात कधी स्वस्थ नसायचा. समोर जे येईल ते तो थोपटायचा. टेबल, भाजीची पिशवी, स्वतःची मांडी. एकदा आम्ही दोघी रिक्षात होतो तर मुलुंडपासून भांडुपपर्यंत माझा गुडघा थोपटत आल्या. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. आयुष्य पोरं झोपवण्यात गेलं की हाताला एक ठेका बसतो, आणि मग समोर पोर असो वा नसो, हात आपलं काम करत राहतो.

आमच्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मशीनचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी तोच थोपटायला घेतला.

"किती एवढुसं आहे गो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं फ्रीजएवढं असेल."

मी घाटकोपरला एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही सीपॅपची मशीन पुरवतो. ज्यांचा झोपेत घसा मिटतो त्यांच्यासाठी हे मशीन. घोरता घोरता श्वासच थांबतो, जीव दचकतो, श्वास परत येतो, पुन्हा घोरणं. रात्रभर हाच खेळ. माणसाला वाटतं आपण झोपलो होतो, आणि अंग तर जागरण झाल्यासारखं मोडलेलं. मग दिवसा कुठेही डोळा लागतो. मशीन नळीतून हवेचा दाब देतं, मास्कमधून ती हवा नाकात जाते आणि घसा उघडा राहतो. एवढीच करामत.

हे सगळं मी काकूंना समजावलं. डॉक्टरांनीही समजावलं होतंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही हो काकू. हा आजार आहे."

"परत सांग. यांना ऐकू जाईल असं सांग."

शेजारी काका बसले होते. ते एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि म्हणाले, "मी कधी तुला आळशी म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. पण कुणी म्हटलं तर गप्प बसायचात."

काका तेव्हाही गप्पच बसले.

लोकांना वाटतं मशीन घरी पोचवलं की आमचं काम संपलं. आमचं काम तिथून सुरू होतं. पहिल्या काही दिवसांत माणसं मशीन परत आणून टेबलावर आपटतात. नाक कोरडं पडतं, गालावर पट्ट्यांचे वळ उठतात, नातवंडं घाबरतात. मग आम्ही फोन करतो, घरी जातो, मास्क बदलून देतो, पाण्याची टाकी कशी भरायची ते पुन्हा दाखवतो आणि "सवय होईल" असं म्हणतो. हे वाक्य मी इतक्या लोकांना म्हटलंय की माझी लेक भातुकली खेळताना बाहुलीला म्हणते, सवय होईल हं.

काकूंना ते म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं. "तुझा बरोबर आसा गो, पण..."

त्यांचं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. बोलायच्या आमच्यासारखंच, पण मनाच्या जवळचं काही आलं की जीभ गावाकडे वळायची. आणि 'पण'च्या पुढे त्या कधी काही बोलायच्या नाहीत. हात थोपटत राहायचा.

मशीन लावून द्यायला मी त्यांच्या घरी गेले. मुलुंड पूर्वेला जुनी तीन मजल्यांची बिल्डिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आत पाऊल टाकलं आणि भिंतीकडे लक्ष गेलं. माझ्या कमरेच्या खाली सगळीकडे खडूच्या, पेन्सिलीच्या रेघा. सूर्य, रेल्वेचे डबे, चार पायांची कोंबडी. कमरेच्या वर भिंत स्वच्छ.

"रंग द्यायचाय," काका म्हणाले.

"काही नको," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काकूंचं पाळणाघर होतं. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. लहानपणी त्यांच्याकडे राहिलेल्या मुली पुढे आपली पोरं घेऊन आल्या, यावरून तुम्हीच अंदाज बांधा. आई काकू म्हणायची म्हणून पोरंही काकू म्हणायची. दुपारी जेवणं झाली की एक लांबलचक गोधडी अंथरायची, सगळ्यांना ओळीने निजवायचं आणि एका टोकापासून थोपटत जायचं. दुसरं टोक येईपर्यंत ओळ गाढ. बिल्डिंगमधल्या बायका आपली रडकी बाळं नुसती झोपवून घ्यायला वर आणायच्या.

"पोर कुठलंही दे, निजवीन मी," काकू म्हणायच्या. "फक्त स्वतःला जागं ठेवणं जमलं नाही."

काय झालं होतं ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. मी पलंगाशेजारी स्टुलावर मशीन मांडत होते. त्या पलंगावर बसल्या होत्या, मास्क मांडीवर.

पोरं निजली की काकू दाराला पाठ लावून बसायच्या. दाराच्या लॅचवर त्यांचा विश्वास नव्हता. अंगाचीच कडी करायच्या. एका दुपारी त्या पाणी प्यायला उठल्या आणि परत येऊन, का कोण जाणे, समोरच्या भिंतीला टेकल्या. डोळा लागला. ओळीतला एक अडीच-तीन वर्षांचा मुलगा उठला. त्याने मोरीशेजारचं स्टूल ओढत आणलं, दार उघडलं, तीन जिने उतरला, फाटकातून बाहेर पडला आणि गल्ली ओलांडून थेट मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी गेला. तिथे कोपऱ्यावर इस्त्रीवाला असतो. त्याने पोराला ओळखलं आणि कडेवर घेऊन वर आणलं.

"दार सताड उघडं. पोरं निजलेली आणि मी घोरतेय," काकू म्हणाल्या. "त्याने मला हलवून उठवलं गो. एका हाताने हलवतोय, दुसऱ्या हातावर तो पोरगा. पोरग्याच्या पायात एकच चप्पल."

मी टाकीत पाणी ओतायची थांबले.

"पोराला काही झालं नाही ना?"

"काहीच झालं नाही. खरचटलंही नाही. त्याची आई आली, ओरडलीसुद्धा नाही. त्याची कपड्यांची पिशवी खुंटीवरून काढली आणि गेली. मग हळूहळू सगळ्याच पिशव्या गेल्या."

त्यांची मुलगी लग्न होऊन बाहेरगावी असते. तिला हे कळल्यावर तिने फोनवरून हट्ट धरून काकूंना डॉक्टरकडे पाठवलं. झोपेची टेस्ट झाली. श्वास थांबायचं प्रमाण बघून डॉक्टरांनी विचारलं म्हणे, एवढी वर्षं तुम्ही चालत-बोलत कशा होतात? काकूंना या प्रश्नाचा फार अभिमान वाटला होता. त्यांनी तो मला तीन निरनिराळ्या वेळी सांगितला.

"आता हे लावलं की मी दुपारची जागी राहीन ना?" त्यांनी मला विचारलं.

"राहाल."

"मग पोरं येतील."

मी मशीनबद्दल बोलले होते. त्या पोरांबद्दल बोलत होत्या. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, की या घरात मला जे दुरुस्त करायचंय ते माझ्या पेटीतल्या हत्यारांनी होणारं नाही.

या मशीनमध्ये सिमकार्ड असतं. रात्रभरात ते किती वेळ लावलं, हवा कुठून गळली, हे सकाळी माझ्या स्क्रीनवर दिसतं. काकूंच्या नावापुढे रोज सकाळी एक इवलीशी रेघ यायची. म्हणजे मास्क लावला, थोडा वेळ गेला, आणि काढून टाकला.

मी फोन करायचे. "काकू, काय झालं?"

"घुसमटलं."

मी दाब हळूहळू वाढेल असं सेटिंग करून दिलं. दुसऱ्या दिवशी "नाक टोचलं". मी नाकावर न टेकणारा मास्क नेला. मग "तोंड सुकलं". तोंड झाकणारा नेला. "हत्तीसारखी दिसते." यावर माझ्याकडे मास्क नव्हता.

काकांची वेगळीच तऱ्हा. त्यांनी मशीनचा ताबा घेतला होता. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरसारखं ते त्याला पुसायचे, कान लावून ऐकायचे. नळी धुऊन दांडीवर अशी वाळत घालायचे की शेजारच्यांना वाटलं वॉशिंग मशीन घेतलं. एका सकाळी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, हे मशीन फार शांत आहे."

"मग चांगलंच आहे की काका."

"चांगलं कसलं. तिचा आवाज बंद झाला की मी उठून बसतो. इतक्या वर्षांची सवय. आवाज आहे म्हणजे ती आहे. आता बघायला उठावं लागतं."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "पण खरं सांगू? घुसमट वगैरे काही होत नाही तिला. मास्क लावते, चांगली झोप लागते. आणि झोप लागली रे लागली की दचकून उठते, मास्क ओढून काढते आणि दाराशी जाऊन बसते."

मी त्या दिवशी ऑफिसातली कामं उरकून दुपारी मुलुंडला गेले. काकू दाराला पाठ लावून मटार सोलत होत्या. मी बेल वाजवली तर त्यांना उठून बाजूला व्हावं लागलं.

"काकू, मास्क का काढता? खरं सांगा."

त्यांनी मटाराचं टरफल थोपटलं.

"चांगली झोप लागते गो त्यात," शेवटी म्हणाल्या. "खोल. विहिरीत गेल्यासारखी. आधी घोरत होते तेव्हा निदान मधे मधे दचकून जाग यायची. आता ती पण येणार नाही, या धास्तीनेच उठते. दार उघडलं तर मला कळणार कसं?"

"पण काकू, आता घरात पोरं कुठे आहेत?"

"तुझा बरोबर आसा गो."

यावेळी त्यांनी 'पण' म्हटलंच नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? आम्हाला ट्रेनिंगमध्ये घुसमटीवर उपाय शिकवतात. दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसायचं, म्हणजे भीती मोडते. मी तेच सांगितलं. काकू आज्ञाधारक होत्या. रोज दुपारी मास्क लावून मालिका बघायच्या, मास्क लावून भाजी निवडायच्या. एकदा मास्क लावूनच कुरिअरवाल्याला दार उघडलं, तो दोन पायऱ्या मागे गेला. दिवसा त्यांना मास्कची काही अडचण नव्हती. रात्रीची रेघ तेवढीच राहिली.

आमच्या साहेबांनी विचारलं, "ही केस अजून चालूच? मशीन परत घेऊन टाक." मी घरी जाताना ठरवलं की उद्या काकूंना हे सांगायचं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं पान उघडलंय. नाव तपासलं. काकूच.

फोन काकांनी उचलला. "झोपलीय अजून. मी चहा केला, निवला. उठवली नाही."

"काय केलंत काका?"

"काही नाही. माझी गादी दाराशी टाकली. तिला म्हटलं, दार उघडायचं तर माझ्यावरून जावं लागेल. तू झोप."

त्यानंतर काका रोज दाराशी झोपायला लागले. त्या घरात पळून जाईल असं कुणी नव्हतं. तरी ते रोज जेवणं झाल्यावर गादी ओढत दाराशी न्यायचे, आडवी टाकायचे आणि काकूंना दिसेल अशी एकदा ठीक करायचे. गुडघे दुखायचे त्यांचे, पलंगाची सवय. कधी तक्रार ऐकली नाही.

काकू बदलल्या. तुम्ही त्यांना आधी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. चेहऱ्यावरची सूज उतरली, आवाज मोकळा झाला, बीपीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. एकदा मी फिल्टर बदलायला गेले तर त्या स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या.

"मला दुपार दिसायला लागली गो," त्या वरूनच म्हणाल्या. "किती लांब असते दुपार! मी विसरलेच होते."

मग खाली उतरून, हात धुऊन, त्या माझ्यासमोर बसल्या. "तू येशील माझ्याबरोबर? तिच्याकडे जायचंय."

ती म्हणजे त्या मुलाची आई. पलीकडच्याच इमारतीत राहायची. काकूंना मी कशाला हवी होते ते मला कळत होतं. मशीनवाली बाई सोबत असली की बोलण्याला वजन येतं. मी नाही म्हणू शकले नाही.

ती बाई चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण गोष्ट ऐकणाऱ्याला तिचा राग यायला बघतो. तिने आम्हाला बसवलं, सरबत केलं. मी सगळं सांगितलं. आजार काय होता, आता किती सुधारणा आहे, मशीन रोज किती चांगलं लागतंय. ती लक्ष देऊन ऐकत होती. तेवढ्यात आतून तो मुलगा आला. काकूंना बघून जरा थबकला, मग सरळ येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला, जसा काही कालच तिथून उठून गेला होता. काकूंचा हात त्याच्या पाठीवर गेला.

"काकू, मला तुमचा राग नाही. खरंच नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही आजारी होतात. मला सगळं कळतं. पण मी ऑफिसात बसते ना, तर मला तो रस्ता दिसतो. आता जिथे ठेवलंय तिथे कॅमेरे आहेत, मोबाइलवर मी सारखी बघते. तिथेही मन लागत नाही. मी काय करू, सांगा."

"नाही गो, बरोबर आहे तुझं," काकू म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर मीपण पाठवलं नसतं."

मुलगा झोपला होता. तो उठू नये म्हणून आम्ही तिथे बराच वेळ बसलो. शेवटी त्याच्या आईने त्याला अलगद उचलून आत नेलं. काकूंच्या साडीवर त्याच्या घामाचा ओला डाग राहिला होता. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता आणि तोच थोपटत होत्या.

ही गोष्ट मी घरी सांगितली, माझ्या सासूबाईंना. माझी लेक त्यांच्याजवळच असायची, विक्रोळीला. पुढे त्यांना गावी जावं लागलं, बहिणीचं ऑपरेशन होतं. माझी पंचाईत झाली. आणि मग मला वाटलं, पंचाईत कसली? माझ्याएवढं त्या बाईच्या झोपेबद्दल कुणाला माहीत आहे? रोज सकाळी बघते मी. मी लेकीला तयार केलं, तिच्या पिशवीत कपडे, खाऊ, बाहुली भरली आणि मुलुंडला गेले.

काकूंनी दार उघडलं. लेकीकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की माझंच मन भरून आलं.

"ये गो बाय, ये," म्हणत त्यांनी लेकीला उचललं. भिंतीवरची चार पायांची कोंबडी दाखवली. खोबऱ्याची वडी दिली. माझी लेक अनोळखी घरात सहसा रुळत नाही. ती काकूंच्या कानातलं ओढत गप्पा मारायला लागली. अर्ध्या तासात काकूंनी तिला मांडीवर घेतलं, आणि दुसऱ्या मिनिटाला ती झोपली.

मी हळूच उठले. "काकू, मला बोरिवलीला एक मशीन द्यायचंय. संध्याकाळी येते."

काकूंचा हात थांबला.

"तू जातेस?"

"येते ना संध्याकाळी."

"नको गो."

"काकू, तुम्ही बऱ्या आहात. मी रोज बघते. तुमची झोप माझ्यापेक्षा चांगली आहे, देवाशपथ."

"ते तुझ्या मोबाइलला सांगतं मशीन. माका नाय सांगत." "तू बसलीस तर मी हिला दिवसभर ठेवीन. संध्याकाळपर्यंत ठेवीन. पण तू दाराबाहेर गेलीस तर माका जमूचा नाय. घे. घे हिला."

काका आतून आले. "अगं, मी आहे ना. मी बसतो दाराशी."

"तुम्ही गप्प बसा."

मी पुन्हा समजवायला गेले. आजार गेलाय, भीती उरलीय, भीती जाते, सवय होते. नेहमीचं सगळं बोलले. माझ्या तोंडून ते वाक्य इतकं पोकळ कधी वाटलं नव्हतं. काकू ऐकत होत्या, आणि दोन्ही हातांनी माझी झोपलेली लेक माझ्यापुढे धरून होत्या. मी तिला घेतलं.

बोरिवलीच्या पेशंटकडे मी खांद्यावर झोपलेली लेक आणि दुसऱ्या हातात मशीनची बॅग घेऊन पोचले. त्या घरातल्या बाईने विचारलं, "घरी सांभाळायला कुणी नाही का?" मी म्हटलं, "आहे. पण ती नाही म्हणाली."

नंतर काकूंनी पाळणाघराचा विषय काढला नाही. फोनवर फिल्टर, पाणी, पट्टा एवढंच बोलायच्या. पुढे त्यांची बिल्डिंग पाडायला निघाली. बाकीच्यांनी जवळपास भाड्याने घरं बघितली. काका-काकूंनी गावी जायचं ठरवलं. नवी बिल्डिंग होईल तेव्हा बघू, म्हणाले.

निघायच्या आधी मी गेले. घर रिकामं झालं होतं. मी मशीन पुसून बॅगेत भरलं, जास्तीचे फिल्टर दिले, लाइट गेली तर काय करायचं ते काकांना सांगितलं. दोन्ही खोल्यांतली भिंतीवरची चित्रं मोकळी पडली होती, आधी पलंगामागे आणि कपाटामागे लपलेलीसुद्धा. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"गावाला ये एकदा," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन ये. तू पण राहा."

गावात मोबाइलची रेंज धड नव्हती. काकूंच्या नावापुढचं पान कोरं यायला लागलं. कोरं पान म्हणजे मशीन लावलं नाही असं नसतं, नुसतं आम्हाला कळत नाही एवढंच. मी तसं समजून चालले. फोन केला की लागायचा नाही, किंवा काका "सगळं ठीक" म्हणायचे आणि आवाज तुटायचा.

मग एका दुपारी काकांचाच फोन आला. बाजारच्या गावी आले होते म्हणून स्पष्ट ऐकू येत होतं.

"मॅडम, ते मशीन कुणा गरजूला द्यायचं असेल तर कसं द्यायचं?"

"का? आणि काकू?"

"ती लावत नाही. इथे लाइट सारखी जाते. मशीन बंद पडलं की घाबरून उठते. नळीत मुंग्या झाल्या, मास्कला बुरशी आली. मी साफ करतो, पण ती म्हणते ठेवून द्या. बरेच दिवस झाले कपाटात आहे."

"काका, बंद नका करू. बीपी आहे त्यांना. हृदयावर ताण येतो."

"मी सांगतो हो. ऐकत नाही. तुम्ही सांगून बघा."

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन ते घरामागच्या उंचवट्यावर आले. तिथे म्हणे रेंज मिळायची. काकांनी फोन लावून काकूंच्या हातात दिला. काकूंचा आवाज जड होता, ओळखीचा. पहिल्या दिवसासारखा.

"कशी आहे गो पोरगी तुझी?"

"बरी आहे. काकू, मशीन लावा. मी दुसरा मास्क पाठवते. बॅटरीवर चालणारं काहीतरी बघते. पण बंद नका करू."

"कशाला गो? इथे कुणाचं काय अडतंय माझ्या झोपण्यामुळे? दुपारी डोळा लागला तर लागला. दार उघडं टाकलं तर कोंबडी आत येते, एवढंच."

"तुमच्यासाठी लावा. श्वास थांबतो तुमचा."

"इतकी वर्षं थांबला आणि चालू झाला. तुला सांगू, इथे मी दाराशी बसत नाही. हेही पलंगावर झोपतात." त्या हसल्या. "आंब्याला मोहोर आलाय. बसले की वारा लागतो. असं वाटतं..."

त्या थांबल्या. मला वाटलं, शब्द शोधताहेत. मी सांगायला लागले. हृदयाचं सांगितलं, मेंदूचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं. जे जे येत होतं ते सगळं सांगितलं.

"काकू? ऐकताय ना?"

पलीकडून घोरण्याचा आवाज आला. संथ, खरखरीत, वर चढणारा. मी काकांना हाक मारली. ते कुठेतरी लांब असावेत. घोरणं चढत गेलं आणि एकदम तुटलं. मग काहीच नाही. फांद्यांमधून वारा ऐकू येत होता, लांब कुणीतरी गुरांना हाकत होतं, आणि काकूंचा श्वास नव्हता.

मी घाटकोपरच्या ऑफिसात, मशीनच्या खोक्यांच्या रांगेत, फोन कानाला दाबून उभी होते. टेबलावरचा दुसरा फोन वाजत होता. साहेब काहीतरी विचारत होते. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं, आणि पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले.